मरणाचं काम पिढ्यान्‌पिढ्या करणारी घराणी

इंदूरहून उज्जैनला नेणारा सांवेर रोड आपल्या सगळ्यांच्या पायाखालचा. बाणगंगा, औद्योगिक क्षेत्र, लवकुश चौराहा, अरविंदो हॉस्पिटल, धरमपुरी, मग सांवेर आणि पुढं उज्जैन. सगळं मिळून साधारण ५५ किलोमीटर. कुणी महाकालाच्या दर्शनाला जातं, कुणी कारखान्यात ड्यूटीवर, कुणी सांवेरच्या उलट्या हनुमानाला. याच रस्त्यावरून रोज काही गाड्या अशाही जातात, ज्यांच्यात कापडानं तोंड बांधलेला एक कलश असतो. अस्थी शिप्रेत सोडायच्या, रामघाटावर किंवा सिद्धवटावर विधी करायचा आणि संध्याकाळपर्यंत घरी परतायचं.

आपल्या पिढीतल्या अनेकांवर ही वेळ पहिल्यांदा येते, तेव्हा एकच प्रश्न असतो: हे सगळं करतं कोण? तिरडी कोण बांधतं, लाकडं कोण मांडतं, मंत्र कोण सांगतं, दहाव्याचं कुणाला विचारायचं? आजोबांच्या वेळी गल्लीत कुणीतरी एक जाणते काका असत. ते निरोप मिळताच येत आणि सगळं हातात घेत. आता ते काका नाहीत, गल्लीही नाही. टाऊनशिप आहे आणि व्हॉट्सॲप ग्रुप आहे.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या भावंडांना हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. तिथं फोन लावायचा तो फ्युनरल होमला. लहान गावात हे फ्युनरल होम बहुधा एका कुटुंबाचं असतं आणि दारावरच्या पाटीवर त्या कुटुंबाचं आडनाव असतं. आपल्याकडे असं काही कधी नव्हतं, असं वाटतं. पण थोडं खोलात गेलं की दिसतं, मरणाचं काम सांभाळणारी घराणी आपल्याकडेही होती आणि आहेत. फक्त ती एका छपराखाली नाहीत.

सुताराच्या दुकानातून निघालेला धंदा

अमेरिकेतली गोष्ट आधी पाहू, कारण ती तुलनेनं सरळ आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या लहान गावांत माणूस घरीच मरत असे आणि घरातल्या बायका त्याला न्हाऊ घालत. शवपेटी करून द्यायचा तो गावातला सुतार किंवा फर्निचरवाला. पेटी करणारा हळूहळू गाडीही देऊ लागला, माणसंही पुरवू लागला. म्हणून तिथल्या जुन्या गावांत ‘फर्निचर आणि अंत्यविधी’ अशी जोडपाटी लावलेली दुकानं असत.

१८६१ ते १८६५ या काळातल्या यादवी युद्धानं हा धंदा बदलला. सैनिक घरापासून शेकडो मैलांवर मरत होते आणि घरच्यांना देह परत हवा होता. डॉ. थॉमस होम्स यांच्यासारख्या लोकांनी देहात रसायन भरून तो टिकवण्याची पद्धत रूढ केली. एप्रिल १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांचा देह असाच रसायन भरून वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डपर्यंत आगगाडीनं नेला गेला. वाटेतल्या शहरांत लाखो लोकांनी त्याचं दर्शन घेतलं, आणि देह टिकवता येतो हे लोकांना पटलं. त्यासाठी जागा, उपकरणं आणि शिकलेला माणूस लागू लागला. १८८२ मध्ये या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटनाही उभी राहिली.

खाली दिवाणखान्यासारखी खोली, मागं काम करायची जागा आणि वरच्या मजल्यावर मालकाचं कुटुंब, हा नमुना लहान गावांत पक्का झाला. फोन रात्री दोनला वाजला तरी घरातलंच कुणी तो उचलणार. मुलं त्याच घरात वाढत आणि पुढं तोच धंदा सांभाळत. २००१ ते २००५ या काळातली ‘सिक्स फीट अंडर’ ही मालिका पाहिलेल्यांना असं घर ओळखीचं असेल.

मग मोठ्या कंपन्या आल्या. ह्यूस्टनमध्ये घरचंच फ्युनरल होम चालवणाऱ्या रॉबर्ट वॉल्ट्रिप यांनी १९६२ मध्ये एक कंपनी काढली आणि एकेक कौटुंबिक दुकान विकत घ्यायला सुरुवात केली. पाटी बहुधा जुनीच ठेवली जाई, कारण लोक आडनावावर विश्वास ठेवून येत. १९६३ मध्ये जेसिका मिटफर्ड यांचं ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ हे पुस्तक आलं. दुःखात बुडालेल्या घरच्यांना महागड्या पेट्या आणि नको त्या सेवा कशा विकल्या जातात, हे त्यांनी उघड केलं. देशभर खळबळ उडाली. अखेर १९८४ मध्ये सरकारी नियम लागू झाला: प्रत्येक गोष्टीची वेगळी किंमत लेखी द्यायची आणि फोनवर विचारलं तरी सांगायची.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा, तो पुढं आपल्या कामाचा आहे.

आपल्याकडे छप्पर का नव्हतं

आपल्याकडे देह टिकवायचा नसतो. गेलेल्याला शक्यतो त्याच दिवशी अग्नी द्यायचा. त्यामुळे देह ठेवायला जागा, उपकरणं, दिवाणखाना यांची गरजच पडली नाही. काम मात्र होतंच. ते वेगवेगळ्या लोकांत वाटलेलं होतं: लाकडं एकाची, अग्नी दुसऱ्याचा, मंत्र तिसऱ्याचे, तीर्थावरची नोंद चौथ्याची. आणि ही वाटणी जातीनं झालेली होती. हे न बोलता पुढं जाणं बरोबर नाही.

याचं सर्वांत ठळक उदाहरण काशीचं. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या घाटांवर चितेसाठीचा अग्नी डोम समाजाकडून घ्यावा लागतो. त्यांच्या प्रमुखाला ‘डोम राजा’ म्हणतात. मानमंदिर घाटाजवळचं त्यांचं घर वाघांच्या पुतळ्यांमुळे लांबूनही ओळखू येतं. घाटावर काम करण्याच्या पाळ्या वारसाहक्कानं वाटल्या जातात. कुटुंब वाढलं की प्रत्येकाच्या वाट्याला येणारे दिवस कमी होतात. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९४ च्या आपल्या ‘डेथ इन बनारस’ या पुस्तकात या साऱ्या व्यवस्थेचा बारकाईनं अभ्यास मांडला आहे. व्यवहार म्हणून पाहिलं, तर हा जगातला सर्वांत जुन्या कौटुंबिक अंत्यविधी व्यवसायांपैकी एक म्हणावा लागेल.

इंदूरकरांसाठी यात एक धागा आपलाही आहे. मणिकर्णिका घाटाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. म्हणजे घाटाचा दगड होळकरांचा आणि अग्नी डोमांचा. पण दगड बांधणाऱ्यांना पुण्य आणि मान मिळाला. अग्नी देणाऱ्याला ‘राजा’ म्हणायचं आणि त्याच्या हातचं पाणी मात्र प्यायचं नाही, हे शतकानुशतकं चाललं. २०२१ मध्ये डोम राजा जगदीश चौधरी यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या कामाचा देशपातळीवर पहिल्यांदाच एवढा गौरव झाला.

महाराष्ट्रातल्या गावगाड्यातही असंच होतं. मृत्यूचा निरोप घेऊन दुसऱ्या गावी जाणं आणि सरणासाठी लाकडं पोचवणं ही कामं महार समाजाकडे होती. निरोप्या उन्हातान्हात कोसभर चालत जाई, आणि निरोप सांगून उंबऱ्याबाहेरूनच परते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध जो लढा दिला, त्याच्या मुळाशी जन्मानं लादलेली अशी कामं होती. पुढं मुंबई राज्यानं १९५८ मध्ये कायदा करून कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द केली.

म्हणून ‘पिढीजात’ हा शब्द ऐकला की थोडं थांबून पाहायला हवं. ह्यूस्टनच्या मुलाला बापाचा धंदा नको असता, तर तो डॉक्टर किंवा वकील होऊ शकला असता. आपल्याकडे अनेकांना तो दरवाजाच नव्हता. आजही स्मशानात लाकडं मांडणारा, राख भरणारा माणूस कोण असतो, हे आपण पाहतो. २०२०–२१ च्या कोरोनाच्या लाटांत नातेवाईक जवळ येऊ शकत नव्हते, तेव्हा अनेकांच्या आईवडिलांना अग्नी मिळाला तो याच माणसांमुळे. त्यांची नावं आपल्यापैकी किती जणांनी विचारली?

वही सांभाळणारी घराणी

दुसऱ्या टोकाला आहेत तीर्थोपाध्याय. नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, हरिद्वार आणि सांवेर रोडच्या पलीकडचं आपलं उज्जैन. या सगळ्या क्षेत्रांत यजमानांच्या वंशावळी लिहिलेल्या वह्या ठेवणारी कुटुंबं आहेत. अस्थी घेऊन गेलं, की पहिला प्रश्न येतो: ‘आडनाव काय? मूळ गाव कोणतं?’

हा प्रश्न इंदूरच्या मुलाला बुचकळ्यात टाकतो. मूळ गाव म्हणजे? रामबाग? राजेंद्रनगर? तसं नव्हे. होळकर, शिंदे, पवार यांच्याबरोबर किंवा त्यांच्यामागून माळव्यात आलेली आपली घराणी ज्या गावाहून निघाली, ते गाव. रत्नागिरीकडचं, साताऱ्याकडचं, वऱ्हाडातलं. त्या गावाच्या नावानं वही निघते. मग आडनाव, मग आजोबा, पणजोबा, त्यांचे भाऊ, कोण कधी आलं आणि कुणाच्या अस्थी घेऊन आलं. जुनी महाराष्ट्रीय नोंद बऱ्याचदा मोडी लिपीत असते आणि तिच्याखाली आलेल्याची सही असते.

माझं रोजचं काम संगणकावरच्या माहितीसाठ्यांशी आहे, त्यामुळे या वहीची रचना मला फार आवडते. शोधायची किल्ली दोनच शब्दांची: गाव आणि आडनाव. जुनी नोंद खोडायची नाही, फक्त खाली नवी जोडायची. प्रत्येक नोंद आलेल्या माणसासमोर लिहायची आणि त्याची सही घ्यायची, म्हणजे पडताळणी तिथंच झाली. कोणत्या प्रदेशाच्या वह्या कोणत्या घराण्याकडे, हे ठरलेलं, त्यामुळे एकाच ठिकाणी गर्दी नाही. वही जीर्ण झाली की नवी उतरवून काढायची. वीज नाही, पासवर्ड नाही, आणि तरी शोध काही मिनिटांत लागतो.

या वह्यांचं मोल बाहेरच्यांनीही ओळखलं. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या वंशावळ संस्थेनं हरिद्वारसारख्या क्षेत्रांतल्या अशा वह्यांच्या मायक्रोफिल्म करून ठेवल्या. वारसाहक्काच्या वादांत अशा वह्या कोर्टापुढे पुरावा म्हणूनही मांडल्या गेल्या आहेत.

उज्जैनशी आपलं नातं तर आणखी जवळचं. अठराव्या शतकात शिंद्यांच्या काळात महाकालेश्वराचं मंदिर पुन्हा उभं राहिलं ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांच्या पुढाकारानं. तेव्हापासून घाटावरच्या विधींत मराठी कुटुंबांची ये-जा आहे. सिद्धवट, रामघाट, गयाकोठा ही नावं माळव्यातल्या मराठी घरांत पितृपक्ष आला की आपोआप निघतात.

पण या वहीतही एक उणीव आहे. साधारणपणे ती बापाकडून मुलाकडे जाते. पत्नीचं नाव कुठं असतं, कुठं नसतं. मुलींची नावं बहुतेक येतच नाहीत. ज्या घरात एकच मुलगी आहे, त्या घराची ओळ तिथंच थांबते. आणि आज इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत एकच मुलगी आहे.

त्याच वाटेनं जाणारी नदी

सांवेर रोडला जवळपास समांतर आणखी एक वाट उज्जैनला जाते: कान्ह नदी. राजवाड्याजवळच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या याच नदीच्या काठी आहेत. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव होळकर यांच्या स्मृतीसाठी त्या बांधल्या. इथून कान्ह पुढं सांवेरच्या बाजूनं वाहत जाते आणि उज्जैनच्या अलीकडे त्रिवेणीपाशी शिप्रेला मिळते.

म्हणजे आपण ज्या पाण्यात आपल्या माणसाच्या अस्थी सोडतो, त्यात आपल्याच शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं मिसळत आलं आहे. २०१४ मध्ये सुमारे ४३२ कोटी रुपये खर्चून नर्मदेचं पाणी शिप्रेत आणलं गेलं. २०१६ च्या सिंहस्थासाठी कान्हचं पाणी घाटांना वळसा घालून पुढं सोडायला पाइपलाइन टाकली. आता २०२८ च्या सिंहस्थासाठी बंद कालव्याचं काम हाती घेतलं आहे. इंदूरला २०२१ मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर हा मान मिळाला, नाल्यांत थेट जाणारी हजारो जोडण्यांची तोंडं बंद केली गेली. हे काम खरंच मोठं आहे. पण कान्ह स्वच्छ असणं ही आपली पितरांशी असलेली बांधिलकी आहे, असं म्हणून कुणी त्याकडे पाहत नाही. निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी कलशासोबत पाण्यात सोडू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

नवी पाटी

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या व्यापार मेळ्यात ‘सुखांत’ या मुंबईच्या कंपनीनं एक स्टॉल लावला. त्यात सजवलेली तिरडी ठेवली होती. फोटो देशभर फिरले, लोक हसले, काही चिडले. त्याआधी २०१६ मध्ये कोलकात्यात श्रुती रेड्डी यांनी सॉफ्टवेअर क्षेत्रातली नोकरी सोडून ‘अंत्येष्टी’ नावाची सेवा सुरू केली होती. शववाहनापासून गुरुजींपर्यंत आणि श्राद्धापर्यंत सगळं एका फोनवर.

हसणाऱ्यांपैकी अनेकांनी नंतर स्वतःच असा नंबर शोधला असेल. मुलगा टोरंटोत, मुलगी बंगळुरूत, आणि इथं फ्लॅटमध्ये एकटी आई. अशा घरात चार खांदे आणायचे कुठून? सेवा विकत घेण्यात कमीपणा काहीच नाही. पण अमेरिकेचा धडा विसरू नये. दुःखातला माणूस भाव करत नाही. म्हणून कोणत्या गोष्टीचे किती पैसे, हे आधी आणि लेखी मागावं. आपल्याकडे तसा वेगळा नियम नाही, तेव्हा विचारणं हेच आपलं संरक्षण.

या नव्या पर्यायांत जातीचं बंधन नाही, हा मोठा फरक आहे. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीनं तर स्त्रियांनाही पौरोहित्याचं शिक्षण दिलं आणि अंत्येष्टीपासून श्राद्धापर्यंतचे विधी मराठीत अर्थ सांगत करायची पद्धत रुजवली. मुलीनं अग्नी देणं आता आपल्या समाजात नवल राहिलेलं नाही.

आधी करून ठेवायच्या चार गोष्टी

पहिली, कागदाची. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मुक्तिधामात त्याची विचारणा होते आणि पुढच्या नोंदणीलाही ते लागतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. बँक, पेन्शन, विमा, घराची नामांतरं, सगळं त्या एका दाखल्यावर अडतं.

दुसरी, इच्छेची. आईवडिलांना नेत्रदान, देहदान हवं आहे का, लाकडं हवीत की विद्युतदाहिनी, दहाव्या-तेराव्याचे विधी हवेत की नकोत, हे एकदा शांतपणे विचारून लिहून ठेवावं. नेत्रदानासाठी साधारण सहा तासांची मुदत असते. त्या सहा तासांत भावंडांचं एकमत व्हायची वाट पाहता येत नाही. देहदानाचा अर्ज आधी भरून ठेवता येतो.

तिसरी, माणसांची. उठावण्याची वेळ वर्तमानपत्रात देणं, गुरुजींना निरोप, शववाहन, मुक्तिधाम, हे फोन कोण करणार ते ठरवून ठेवावं. आपल्या समाजाच्या मंडळांनी वॉर्डावॉर्डात अशा चार-पाच जाणत्या स्वयंसेवकांची यादी केली, तर गल्लीतले ते काका परत येतील. त्यात तरुण मुलंमुली असली, तर ज्ञान पुढं जाईल.

चौथी, वहीची. पुढच्या वेळी सांवेर रोडनं उज्जैनला जाल, तेव्हा आजीकडून मूळ गावाचं नाव नीट विचारून घेऊन जा. कुणाच्या अस्थी असायलाच हव्यात असं नाही. तीर्थोपाध्यायांकडे बसा, वही उघडायला सांगा, आणि परवानगी घेऊन पानाचा फोटो काढा. मोडी वाचणारे दर वर्षी कमी होत आहेत आणि उपाध्यायांची मुलंही आता आपल्यासारखीच नोकरीसाठी बाहेरगावी जात आहेत. ही पानं आणखी किती वर्षं वाचता येतील, याची खात्री नाही.

आणि पान उघडलंच आहे, तर शेवटच्या ओळीखाली आईचं, बायकोचं, बहिणीचं आणि मुलीचं नाव लिहून घ्या. सही मुलीला करू द्या.